व्यसनाचा रकाना : आरोग्यमंत्र्यांस अनावृत पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांचे सेवेशी

सन्माननीय महोदय,


दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसहाच्या पाळीला मी माझ्या धाकट्या भावाला एका धर्मादाय रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात घेऊन जातो, आणि त्याच्या हातात सुया टोचून त्याला मशीनवर घेतले, की पुढचे चार तास बाहेरच्या लोखंडी बाकावर बसून काढतो. जिल्हा कचेरीत अव्वल कारकुनाच्या जागेपर्यंत पोहोचून निवृत्त झालेल्या माणसाची विद्या ती काय. परंतु त्या बाकावर तिलाही मोल आहे, कारण तेथे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, नाही तर साहाय्यता निधीसाठी, नाही तर रेल्वेच्या सवलतीसाठी कोठे ना कोठे अर्ज करायचा असतो, आणि ते लिहिण्याचे काम कोणी न नेमता गेल्या तीन वर्षांत माझ्याकडे आले आहे. अशाच एका अर्जातील एका रकान्यापाशी माझी लेखणी अडली. तो रकाना आपल्या दप्तराच्या अखत्यारीत येतो असे वाटल्यावरून आपणास तसदी देत आहे.

ज्यांचा हा अर्ज ते गृहस्थ पंचेचाळिशीचे, थोड्या कोरडवाहू जमिनीचे धनी आणि गावच्या महादेवाच्या देवळातील भजनी मंडळीचे पखवाजवादक आहेत. (गळ्यात माळ घातलेला वारकरी चिलमीला शिवत नाही, हे मला ठाऊक आहे, ही मंडळी निराळी.) पखवाजाच्या धुमेला कणीक लावून जो डावा हात वर्षानुवर्षे थाप मारीत आला, त्याच हाताच्या मनगटाशी डॉक्टरांनी शीर आणि रोहिणी एकत्र जोडून फिस्टुला केला आहे, त्यावर बोट ठेवले असता आत अखंड चाललेली थरथर जाणवते, आणि "आता पखवाज आतल्या आत वाजतो, अण्णा," असे ते हसून सांगतात. वर्षापूर्वी एका मोठ्या रुग्णालयात त्यांच्या प्रत्यारोपणपूर्व तपासण्या झाल्या. तेव्हा मानसोपचार विभागातील डॉक्टरांनी व्यसनाविषयी विचारले असता ह्या सरळ मनुष्याने, पत्नी शेजारी पदर तोंडाशी धरून बसली असताना, जे खरे ते सांगितले: महिन्यातून दोन-तीनदा जागराच्या रात्री मंडळीत गांजाची चिलीम फिरते, ओली छापी गुंडाळलेली ती चिलीम आपल्या पाळीला आपणही ओढतो, आणि महाशिवरात्रीला भांग घेतो. लघवीची तपासणीही तेच बोलली. मग कागदावर 'व्यसनाधीन, प्रत्यारोपणास तूर्त अयोग्य' असा शेरा पडला. त्या 'तूर्त'ची मुदत किती, ती संपल्याचा दाखला कोणी द्यायचा, फेरतपासणीला कधी यायचे, ह्यांपैकी एकही गोष्ट लेखी तर नाहीच, तोंडीही कळविण्यात आली नाही. चिलीम त्यांनी त्याच आठवड्यात सोडली असे ते सांगतात. आता ते दुसऱ्या रुग्णालयाचे दार ठोठावणार आहेत, आणि त्यासाठीचा अर्ज माझ्या हाती देताना ते इतकेच म्हणाले, "ह्या खेपेला 'नाही' लिहा."

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. माझा भाऊ आणि हे गृहस्थ दोघेही बी पॉझिटिव्ह रक्तगटाचे आहेत, आणि मरणोत्तर दानातून येणाऱ्या मूत्रपिंडाची प्रतीक्षायादी रक्तगटवार चालत असल्यामुळे, यादीतून एक नाव गळाले की खालची नावे एकेक पायरी वर सरकतात. त्यांचे कागद परत आल्याचे ऐकले त्या गुरुवारी मी त्यांच्यासाठी हळहळलो. पण त्या हळहळीच्या आधी, क्षणभर का होईना, माझ्या मनात बोटांवर हिशेब झाला होता. एरवी नीतीच्या गोष्टी सांगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्याच्या चिलमीत आपल्या भावाचा लाभ दिसावा, ह्याची लाज वाटूनच मी ह्या विषयात वाचू लागलो. तेव्हा हे पत्र तटस्थाचे नाही. ज्याचा स्वार्थ उलट बाजूला आहे अशाचे आहे, एवढे ध्यानात ठेवून ते वाचावे.

प्रथम डॉक्टरांची बाजू, कारण ती पोकळ नाही. परक्याचा अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी जन्मभर दडपून ठेवावी लागते, आणि अशा दडपलेल्या शरीराला साध्या बुरशीचेही भय असते. वाळवून, दाबून ठेवलेल्या गांजाच्या पाल्यात ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असू शकतात. ते धुरावाटे फुप्फुसात उतरले, तर निरोगी माणूस खोकून मोकळा होतो, पण प्रत्यारोपण झालेल्याच्या जिवावर बेतते, आणि अशी प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. (ज्या सायक्लोस्पोरिनमुळे १९८० नंतर प्रत्यारोपणाचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले, ते औषधही नॉर्वेच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीचेच, एक बुरशी अवयव राखते, दुसरी त्याच अवयवाच्या धन्याला मारते.) दुसरे भय औषधाच्या मात्रेचे. टॅक्रोलिमस हे आज सर्वांत चालणारे औषध यकृतातील ज्या विकरांच्या द्वारे शरीराबाहेर जाते, त्यांच्या कामात गांजातील काही द्रव्ये, विशेषतः कॅनाबिडायॉल, अडथळा आणतात. मग औषध रक्तात साचते, हात थरथरू लागतात, आणि ज्या मूत्रपिंडासाठी ते द्यायचे त्यालाच ते विषासारखे बाधते. म्हणजे रोगी गांजा घेतो की नाही, हे डॉक्टरांना कळणे अत्यावश्यक आहे.

पण हेच विकर पपनसाच्या रसानेही मंदावतात! गणपतीच्या दिवसांत घरोघरी नैवेद्याच्या ताटात फोडी करून ठेवलेले ते गोडसर-कडवट फळ प्रत्यारोपण झालेल्या माणसाला वर्ज्य आहे, आणि आहारतज्ज्ञ बाई ते एका ओळीत सांगून मोकळ्या होतात. पपनस खाणाऱ्याकडे कोणी चारित्र्याचा दाखला मागत नाही, 'फलासक्त, तूर्त अयोग्य' असा शेरा कोणी मारीत नाही, आणि म्हणूनच रोगीही न लाजता सांगतो की काल चुकून दोन फोडी खाल्ल्या. औषधाची मात्रा त्यामुळे सावरता येते. गांजाच्या बाबतीत तेच ज्ञान तितकेच आवश्यक असता, ते मिळण्याची वाट मात्र आपण स्वतःच्या हाताने बंद करतो, कारण खरे बोलणाऱ्याचे नाव यादीतून जाते आणि खोटे बोलणाऱ्याचे राहते. मला सांगायचे आहे ते मुख्यतः इतकेच. पुढचे सारे त्याची पुरवणी.

अभ्यास काय म्हणतात, तेही पाहिले. मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी २००९ साली यकृताच्या प्रतीक्षेतील सुमारे दीड हजार रोग्यांचे निकाल तपासले, तेव्हा गांजा घेणारे आणि न घेणारे यांच्या आयुर्मर्यादेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मेरीलँडमध्ये २००८ ते २०१३ या काळातील बाराशेहून अधिक मूत्रपिंड-प्रत्यारोपणांच्या पाहणीतही पहिल्या वर्षाचे निकाल तसेच निघाले. उलट, प्रत्यारोपणानंतर गांजाच्या पूर्ण आहारी गेलेल्यांचे अवयव अधिक प्रमाणात निकामी झाल्याचे २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीने दाखविले आहे. ह्या दोहोंत मला विरोध दिसत नाही. महिन्यातून दोनदा चिलीम ओढणारा एक, आणि औषधाची वेळ विसरण्याइतका तिच्यात बुडालेला दुसरा. 'व्यसन' ह्या एकाच रकान्यात दोघांनाही कोंबले, तर रकान्याचा दोष. दारूचा दाखला येथे उपयोगी आहे. यकृताच्या रोग्याने सहा महिने दारू वर्ज्य केल्याखेरीज त्याचा विचार करू नये असा दंडक अनेक देशांत दीर्घकाळ रूढ होता. परंतु फ्रान्स आणि बेल्जियममधील डॉक्टरांनी तो बाजूला ठेवून, अतिशय निवडक अशा सव्वीस रोग्यांवर शस्त्रक्रिया केली, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार सहा महिन्यांनंतर त्यांच्यातील ७७ टक्के जिवंत होते, तर तशाच अवस्थेतील, प्रत्यारोपण न झालेल्या रोग्यांपैकी केवळ २३ टक्के. म्हणजे सहा महिन्यांची ती मुदत अनेकांच्या बाबतीत वैद्यकीय निकष नव्हती. ती शिक्षेची मुदत होती, आणि शिक्षा भोगून होण्याआधीच आरोपी मरत होता.

वैद्यकाच्या खोलीत न्यायासन मांडण्याची ही खोड फार जुनी आहे. १९६० साली अमेरिकेतील सिॲटल शहरात, डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या शोधामुळे दीर्घकाळ डायलिसिस करणे प्रथमच शक्य झाले, परंतु यंत्रे मोजकी आणि उमेदवार अगणित अशी स्थिती होती. डॉक्टरांनी शरीराने योग्य ठरविलेल्या रोग्यांतून कोणाला वाचवायचे हे ठरविण्यासाठी सात सामान्य नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. तीत एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यविशारद होते, आणि त्यांची नावे गुप्त ठेवली होती. ह्या सात भल्या माणसांनी काय विचारात घ्यावे? रोगी विवाहित आहे का, मुले किती, मालमत्ता किती, शिक्षण किती, तो चर्चमध्ये जातो का! शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंनी १९६२ साली 'लाइफ' साप्ताहिकात ही हकीकत प्रसिद्ध केली तेव्हा देशभर खळबळ माजली, आणि लोक त्या समितीला 'देवाची समिती' म्हणू लागले. त्या सातांची मला कीवच येते. ते दुष्ट नव्हते, त्यांच्या हाती नियम नव्हता, आणि जेथे नियम नसतो तेथे माणूस आपल्यासारखाच दुसरा माणूस शोधतो. पुढे १९७२ साली अमेरिकन काँग्रेसने डायलिसिसचा खर्च सरकारच्या माथी घेतला आणि त्या समित्यांचे प्रयोजनच सरले.

सरले असे वाटले, एवढेच. कारण २००८ साली त्याच सिॲटलमध्ये, जेथे १९९८ पासून वैद्यकीय कारणासाठी गांजा कायदेशीर होता, तेथे डॉक्टरच्या संमतीने गांजा घेणाऱ्या एका यकृतरोग्याला त्याच कारणास्तव यादीत घेण्याचे नाकारण्यात आले, आणि तो वारला. एका डॉक्टराने औषध म्हणून दिलेली वस्तू दुसऱ्याने अपराध म्हणून मोजली, आणि दोघांच्या मध्ये रोगी गेला. अशाच प्रकरणांचा बोभाटा झाल्यावर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एक कायदा केला आणि गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी २०१५ साली त्यावर सही केली. त्या कायद्याचा मसुदा वाचताना माझ्यातला जुना कारकून सुखावला, कारण त्याचे सारे बळ एका शब्दात आहे: 'केवळ'. वैद्यकीय कारणासाठी गांजा घेतो केवळ एवढ्यावरून कोणासही प्रत्यारोपण नाकारता येणार नाही; मात्र त्या विशिष्ट रोग्याची स्वतंत्र तपासणी करून, हा वापर ह्याच्या बाबतीत वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा आहे असे डॉक्टरांना आढळले, तर त्यांचा अधिकार अबाधित. रोग्याला सरसकट हक्क नाही, डॉक्टरला सरसकट नकार नाही. आणि गंमत अशी की, अपघातात मेलेल्या दात्याच्या रक्तात गांजा सापडला म्हणून त्याचे मूत्रपिंड अमेरिकेत सहसा टाकून देत नाहीत; गांजा ओढणाऱ्याकडून अवयव घेताना जो विचार सुचत नाही, तो त्याला देताना सुचतो.

आपल्याकडे परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे, कारण गांजा आपल्या दारचा. १८९३ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने जवळजवळ बाराशे साक्षीदार तपासले, आणि पुढच्या वर्षी सात खंडांचा जो अहवाल दिला त्यात बेताच्या सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, असा निष्कर्ष काढला; साहेबाच्या कमिशनांपैकी इतक्या सावधपणे लिहिलेली मी थोडी पाहिली. त्यानंतर १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला. त्या कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पाने म्हणजे भांग त्या व्याख्येबाहेर राहिली आणि तिचा कारभार राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे गेला. तीच भांग आयुर्वेदात 'विजया' म्हणून औषधांच्या अनुसूचीत आहे आणि वैद्याच्या देखरेखीखाली दिली जाते. म्हणजे एकाच झाडाचा शेंडा गुन्हा, पान अबकारी बाब, आणि त्याच पानाची गोळी औषध. लघवीच्या भांड्यात मात्र हे तिन्ही एकरूप होतात. नित्य सेवन करणाऱ्याच्या चरबीत साठलेले द्रव्य कित्येक आठवडे झिरपत राहते, आणि ते शेंड्यातून आले, पानातून आले की वैद्यबुवांच्या गोळीतून, हे तपासणीची पट्टी सांगत नाही. अशा पट्टीवर नाव राहणार की जाणार हे ठरावे, ही गोष्ट तलाठ्याने सातबारा न पाहता नुसत्या बांधावरून मालकी ठरविण्यासारखी झाली.

शिवाय अमली पदार्थांच्या ह्या कायद्याच्या कलम २७ अन्वये सेवन हाही गुन्हा असल्यामुळे, रोग्याला डॉक्टरसमोर बोलताना पोलीसही आठवतो. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावरील खटला टाळण्याची सोय आहे. फौजदारी कायद्यानेसुद्धा खरे सांगून उपचाराला येणाऱ्यासाठी जी वाट ठेवली, ती रुग्णालयाच्या समितीने ठेवू नये, हे मला विपरीत वाटते.

आक्षेप मला ऐकू येतो आहे. अवयव दुर्मिळ आहेत. २०२३ साली देशभरात अठरा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली, पण त्यांत मरणोत्तर दाते होते अवघे १,०९९, आणि बाकी भार जिवंत नातेवाइकांनी, त्यांतही बहुतांशी आयांनी व बायकांनी, वाहिला. असे दुर्मिळ धन बेजबाबदार माणसाच्या ओंजळीत का ओतावे? ओतू नये, मी तसे म्हणतच नाही. जो डायलिसिसच्या पाळ्या चुकवतो, पाण्याचा हिशेब ठेवत नाही, औषधे बंद करतो, त्याला डॉक्टरांनी जरूर थांबवावे. आमचे पखवाजवादक मात्र तांब्यावर रेघ मारून दिवसाचे पाणी मोजतात, तीन वर्षांत त्यांनी एकही पाळी चुकविलेली नाही, आणि वजनकाट्यावर दोन पाळ्यांच्या मध्ये दीड किलोच्या वर ते कधी गेलेले नाहीत. जबाबदारी मोजायचीच असेल तर ह्या वह्या तेथेच, परिचारिकेच्या टेबलावर पडलेल्या असतात. त्या उघडून पाहण्याचे श्रम एका शेऱ्याने वाचतात, हे खरे.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने विक्रीवर बंदी घातली, मेंदूमृत्यूला मान्यता दिली, दाता-घेता यांचे नाते तपासण्याच्या समित्या नेमल्या. घेणाऱ्याच्या सवयींविषयी तो मौन बाळगतो, आणि त्या मौनात प्रत्येक रुग्णालयाचा प्रत्यारोपण संघ आपापला रिवाज चालवतो. आपल्या राज्यात अवयव प्रत्यारोपणाच्या विभागीय समन्वय समित्या आहेत, के.ई.एम. रुग्णालयात प्रादेशिक व राज्य संघटनेचे कार्यालय आहे. म्हणजे परिपत्रक जाण्याची वाट तयार आहे. ते परिपत्रक कसे असावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही, परंतु अर्ज लिहिणाऱ्याची सवय म्हणून सुचवितो: गांजा, भांग वा विजया घेतो केवळ एवढ्यावरून नाव नाकारू नये, नाकारायचे तर त्या रोग्याच्या बाबतीत कोणते वैद्यकीय कारण आहे ते लेखी, मराठीत, तारखेसह त्याच्या हाती द्यावे, थांबायला सांगायचे तर मुदत नेमून द्यावी आणि त्या मुदतीत व्यसनमुक्तीची सोय रुग्णालयानेच करावी, मुदत संपताच फेरतपासणीचा हक्क असावा, आणि निर्णय मान्य नसेल तर वर दाद मागता यावी. आणि तपासणीच्या खोलीत रोगी जे सांगेल ते तिच्या बाहेर जाऊ नये. हे अशक्य आहे असे म्हणू नये. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राने मरणोत्तर दानातील अवयवासाठी नाव नोंदविण्याची पासष्ट वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली आणि रहिवासाची अटही रद्द केली. वर्षानुवर्षे दगडासारख्या वाटलेल्या त्या अटी एका पत्राने गेल्या.

येत्या गुरुवारी ते गृहस्थ अर्ज मागतील. 'नाही' लिहिले तर त्यांचे नाव लागण्याची शक्यता अधिक, आणि पुढे कधी मंडळीत बसून चिलीम हातात आलीच, तर कोणत्याही डॉक्टरला ते सांगण्याची वाट मी कायमची बुजवलेली असेल. 'होते, आता सोडले' असे खरे लिहिले, तर कदाचित आणखी एक 'तूर्त', आणि माझा भाऊ एक पायरी वर. नाव, वय, रक्तगट, डायलिसिस सुरू झाल्याची तारीख, सारे मी माझ्या अक्षरात भरून ठेवले आहे. 'व्यसने' ह्या रकान्यात मात्र अद्याप काही लिहिलेले नाही.



आपला नम्र,
डायलिसिस विभागाच्या बाकावरील एक अर्जनवीस